रायसाबाईंचा फोटो आणि मागच्या दोन खोल्या

मी, उमाबाई शांतलिंग हत्तरगे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार उमरगा, जिल्हा धाराशिव, आज शुक्रवार दिनांक १७ जानेवारी २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, आणि दाखला नसता तरी माझ्याशी पाच मिनिटे भांडून कोणीही खात्री करून घ्यावी. माझ्यावर कोणा माणसाचे दडपण नाही. दडपण आहे ते तारखेचे. सोमवारी सोलापूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. "काही होत नाही हो" असे डॉक्टर ज्या घाईने म्हणाले, त्यावरून काहीही होऊ शकते हे मला कळले.

हे मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीचे तीन कागद फाडले. तिन्ही वेळा सहाव्या कलमापाशी हात अडला. वकिलांना सांगितले तर ते म्हणाले, जे जमत नाही त्याची जागा सोडा आणि पुढे चला, मुलांना परीक्षेत सांगत होतात तसेच. तसेच करते. यापूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र सापडल्यास ते रद्द समजावे. फाडलेले कागद चुलीत गेले आहेत, ते शोधू नयेत.

कलम १. माझे यजमान कै. शांतलिंग वीरप्पा हत्तरगे हे पंचायत समितीचे सभापती होते. सन २०११ मध्ये ते लिंगैक्य झाले. मला एकच अपत्य, चि. शिवकुमार. लग्नानंतर बारा वर्षांनी झाला. खत-बियाण्यांचे दुकान चालवतो. सून सौ. शुभांगी. येणेगूरची जमीन वडिलोपार्जित आहे, ती कायद्याने शिवकुमारकडे जाईल. तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. बांधावरचा लिंब मात्र तोडू नये.

कलम २. मला त्याच शेतात, लिंबाखाली, यजमानांच्या शेजारी रीतीप्रमाणे बसवून समाधी द्यावी. ते सभापती असताना मी त्यांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचे, सभेला गेले तर पहिल्या ओळीत बसायचे, म्हणून अख्ख्या तालुक्याने बोलून घेतले. "मास्तरीण नवऱ्याला चालवती" हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. आता तरी शेजारी बसल्याबद्दल कोणी बोलणार नाही. मोठा चौथरा बांधू नये. मठातल्या अय्यांना, म्हणजे आमच्या जंगम गुरूंना, बोलवावे, जेवण साधे करावे, आणि भाषणे तर करूच नयेत.

कलम ३. माझ्या आईची बोरमाळ माझी बहीण सौ. नीलम्मा, मुक्काम आळंद, हिला द्यावी. सन १९९४ पासून आम्ही या बोरमाळेवरून बोलत नाही. तिच्या मुलीच्या लग्नात तिने एक दिवसासाठी मागितली आणि मी दिली नाही. कारण त्याआधी तिने माझी इरकल साडी नेऊन दोन वर्षे ठेवली होती. कोण बरोबर होते ते दोघींनाही माहीत आहे, पण दोघींचे उत्तर वेगळे आहे. बोरमाळ देताना शुभांगीने काही बोलू नये. नीलम्मा रडली तर चहा द्यावा, साखर कमी.

कलम ४. उमरगा येथील राहते घर मी माझ्या पगारातून बांधले आहे. यजमानांनी विटा मोजल्या, त्याही दोनदा चुकल्या. सबब या घराची व्यवस्था लावण्याचा अधिकार सर्वस्वी माझा आहे. रस्त्याकडच्या दोन खोल्या, माडी आणि ओटा चि. शिवकुमार यास द्यावा. मागच्या दोन खोल्या, मधले अंगण, स्वयंपाकघर आणि बोअरचा नळ श्रीमती कस्तुराबाई धोंडीबा सुरवसे यांना कायम मालकी हक्काने द्यावा.

ज्यांना या मागच्या खोल्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. रक्ताच्या कर्करोगावर औषध चालू असलेल्या मुलाच्या अंगात मधले काही दिवस तापाशी लढायची ताकद उरत नाही. ताप चढला की लगेच सोलापूरचे इस्पितळ गाठावे लागते. ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते आणि पावसाळ्यात तीही येत नाही, तिथून हे जमत नाही. उमरगा महामार्गावर आहे. हात केला की काहीतरी वाहन थांबते. म्हणून ते दिवस मूल आपल्या आईबरोबर इथे राहते. वेगळी भांडी, रोज धुतलेली चादर, आणि उकळी फुटल्यापासून घड्याळ लावून वीस मिनिटे उकळलेले पाणी. दुसरे औषधपाणी इथे नाही. पंचवीस वर्षांत एकशे सदतीस मुले राहून गेली. त्यांतली बरीचशी आज आपापल्या पायांवर उभी आहेत, दोघींची तर लग्नेही झाली.

कस्तुराबाई त्यांतल्याच एका मुलीची आई. मुलगी गेल्यावर ती गावी परत गेली नाही, इथेच राहिली. तिचे यजमान धोंडीबा पुढे दोन वर्षांनी वारले. गेली वीस वर्षे हे स्वयंपाकघर, या चादरी आणि हे पाणी तिने सांभाळले. तिला मी पगार देऊ केला तर तिने पहिल्या महिन्याचा पगार उंबऱ्यावर ठेवला आणि भाकरी थापायला गेली. तिच्याशिवाय या खोल्या आठ दिवस चालणार नाहीत, आणि तिची इच्छा नसेल तर एक दिवसही चालू नयेत.

दारावर 'रायसा निवारा' अशी निळ्या अक्षरांची पाटी लावावी. हे नाव का, ते पुढच्या कलमात.

कलम ५. मधल्या खोलीत बसवेश्वरांच्या तसबिरीशेजारी एका गोऱ्या बाईचा फोटो आहे. आलेली प्रत्येक आई विचारते, ह्या कोण? एकीने मला विचारले होते, तुमच्या जाऊबाई का? त्या रायसा गोर्बाचोव्हा, रशियाच्या त्या वेळच्या मोठ्या पुढाऱ्याच्या पत्नी. हा फोटो काढून टाकू नये.

त्या काळी रशियातून मराठीत छापलेले एक मासिक टपालाने यायचे. कागद इतका गुळगुळीत की आमच्या शाळेतल्या मुली जूनमध्ये पुस्तकांना कव्हर घालायला त्याची वाट बघायच्या. मीही वाटून टाकायचे. एका अंकात हा फोटो होता. कव्हर घालायला कात्री घेतली आणि खालचा मजकूर वाचत बसले. तो अंक मी कोणाला दिला नाही. एका मुलीने त्यासाठी आठ दिवस अबोला धरला.

ही बाई थंड मुलखातल्या रेल्वे नोकरदाराची मुलगी. बापाच्या बदल्यांमुळे शाळा सारखी बदलायची. मॉस्कोला जाऊन तत्त्वज्ञान शिकली, तिथेच लग्न केले, आणि नवऱ्याबरोबर दूर शेतीच्या भागात जाऊन राहिली. तिथे तिने काय केले? रबरी बूट घातले आणि चिखल तुडवत गावोगाव, घरोघर हिंडून शेतकऱ्यांना प्रश्न विचारले. घरात किती माणसे, काय खाता, पाणी कुठून आणता, बाईमाणूस कधी विसावते. छापील कागदावर उत्तरे लिहून घेतली आणि त्यावर प्रबंध लिहून मोठी पदवी मिळवली. पुढे नवरा सर्वात वरच्या खुर्चीवर बसला. ती त्याच्या बरोबरीने चालू लागली, तर तिकडचे लोक म्हणू लागले, ही कशाला पुढे पुढे करते, इतके कपडे कुठून आणते. हे वाचून मी मोठ्याने हसले होते. उमरगा काय आणि मॉस्को काय.

मी सन १९८८ मध्ये शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर एकतीस प्रश्नांचा कागद काढला आणि उन्हाळी सुट्टीत सायकलवर निघाले. तीन सुट्ट्यांत चारशे बारा घरे झाली. प्रबंध वगैरे काही झाला नाही, पण ते कागद लोखंडी पेटीत आहेत. 'घरात शेवटी कोण जेवते?' या प्रश्नाला मुरूमकडच्या एका बाईने दिलेले उत्तर मी जसेच्या तसे उतरवले आहे: "शेवटी कोन काय बाई? मी बसती भांडी घासायला. उरलं आसलं तर तवाच खाती, भांड्यातनंच." माझे नाव तेव्हापासून 'रशियावाली' पडले. बाजारात भाजीवालीसुद्धा मला त्याच नावाने हाक मारायची. मी वरवर चिडायचे. आत कुठेतरी ते नाव मला आवडायचे.

रायसाबाईंनी पुढे रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांसाठी काम उभे केले. पुस्तक लिहिले, त्याचे मानधन मुलांच्या इस्पितळाला दिले. परदेशातून औषधे आणि यंत्रे मिळवली. आणि १९९९ साली त्यांना स्वतःलाच तो आजार झाला. जर्मनीत नेले. बहीण आपल्या हाडातला मगज द्यायला तयार होती, पण तोवर दिवस उरले नाहीत. ही बातमी मी वर्तमानपत्रात चार ओळींत वाचली. त्याच हिवाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचा भाऊ याच आजाराने गेला. तो सोलापूरला पोचला नाही, एसटी चुकली म्हणून. नवीन वर्ष लागले आणि मी मागच्या दोन खोल्यांना चुना दिला.

कस्तुराबाई रोज सकाळी फोटोला विभूती लावते. मी एकदा म्हटले, अगं त्यांच्यात नसते तसले. ती म्हणाली, "नसंना. आपल्या घरात हायत न्हवं?"

कलम ६. (जागा सोडली आहे.)

कलम ७. चि. शिवकुमार माझ्या या व्यवस्थेवर नाराज होणार आहे. त्याला मागची बाजू रस्त्याच्या बाजूला जोडून लॉजिंग काढायचे आहे. लोक म्हणतील पोरगा लोभी. तो लोभी नाही. परवा संक्रांतीला तिळगूळ घेऊन माझ्यापाशी बसला तेव्हा तो जे बोलला ते इथे लिहिते, म्हणजे माझ्या माघारी कोणी त्याला बोल लावणार नाही.

"अव्वा, मी दहावीचा अभ्यास करायचो तवा भित्तीच्या पल्याड पोरं कण्हायची," तो म्हणाला. "एखादं गेलं की तू दुसऱ्या दिवशी चादर धुवायचीस, तिसऱ्या दिवशी दुसरं पोरगं यायचं. मला कुणी इचारलं का, तुला भ्या वाटतंय का म्हणून? चारशे घरं हिंडलीस. तुझ्या त्या कागदात आपलं घर न्हवतंच."

मी त्याला म्हटले, तिळगूळ घे. तो उठून दुकानात गेला.

एकतीस प्रश्नांच्या कागदाची एक कोरी प्रत पेटीत वरच आहे. सोमवारनंतर मी परत आले तर तो कागद घेऊन शिवकुमारच्या समोर बसणार आहे. नाही आले तर शुभांगीने बसावे. तो आधी हसण्यावारी नेईल. तिने उठू नये.

(इथे उठून पाणी बघून आले. आजही मागे एक मूल आहे, जेवळीकडचे, साडेचार वर्षांचे. दाराआडून मला विचारत होते, आजी काय लिवती? म्हटले, शाळेचा अभ्यास.)

कलम ८. सायकल शाळेला द्यावी, घंटी बसवून. मनगटी घड्याळ, ज्यावर पाण्याची वीस मिनिटे मोजतो, ते कस्तुराबाईला. प्रेशर कुकर शुभांगीला. त्याची शिट्टी माझ्यासारखीच वेळी-अवेळी वाजते. बँकेत जे काही निघेल त्यातून मागच्या खोल्यांचा गॅस चालवावा. सन १९९१ मध्ये आमच्या ओट्यासमोर ट्रक लावून माझी तुळस चिरडणाऱ्या इसमाला मी माफ केलेले नाही. त्याचे नाव त्याला ठाऊक आहे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सौ. शुभांगी शिवकुमार हत्तरगे हिने करावी. ती कमी बोलते, पण बोललेले करते. शिवकुमारशी भांडण करून नव्हे, त्याला जेवू घालून मग सांगावे.

कलम ६. आता लिहिते.

मागच्या खोल्यांत राहणाऱ्या प्रत्येक मुलाचा मी पहिल्यापासून एक कागद ठेवते. वय, गाव, औषधाची तारीख, ताप, खाणेपिणे. सवय रायसाबाईंची, प्रश्न माझे. सतरावा प्रश्न असा आहे: 'बाहेरचे काही खाल्ले-प्यायले का?' मूल गेले तर सोलापूरच्या डॉक्टरांना तो कागद दाखवते, म्हणजे पुढच्या मुलाला उपयोग होतो. एकशे छत्तीस कागद खरे आहेत. एक खोटा आहे.

सन २००५, श्रावणातला सोमवार. आमच्या घरी त्या वेळच्या अय्यांची पाद्यपूजा होती. यजमानांचे लोक, गल्लीतले, गावाकडचे असे पन्नास-साठ माणूस जमले होते. ती मुलगी मागच्या खोलीत होती. सात वर्षांची. डोक्यावरचे केस गेलेले, त्यावर आईने पिवळा रुमाल बांधलेला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन दिवसांपूर्वीच तळाला गेल्या होत्या. डॉक्टरांनी मला फोनवर दोनदा बजावले होते: पाणी सांभाळा बाई. तिची आई धोंडीबांना गावाच्या एसटीत बसवून द्यायला स्टँडवर गेली होती. जाताना मला म्हणाली, "बाई, पोरीकडं बगा जरा."

पूजा संपली. तीर्थाची पळी माझ्या हातात होती, घरची बाई म्हणून. ती मुलगी घंटेच्या आवाजाने दारापर्यंत आली. सगळे म्हणाले, या लेकराला आधी द्या, आजारी आहे. तिला वाट करून दिली. ती माझ्यासमोर आली आणि ओंजळ पुढे केली. तिला ओंजळ धरायला कोणी शिकवले होते कोण जाणे, अगदी नीट धरली होती.

ते पाणी बोअरचे होते. उकळलेले नव्हते. मला ते माहीत होते. तालुक्यात ते सर्वात जास्त मलाच माहीत होते. तोंड उघडून एवढेच म्हणायचे होते, हिला नको. पण समोर पन्नास माणसे होती, यजमान होते, अय्या होते, आणि मला वाटले, आता सगळे म्हणतील, बघा, रशियावाली. तीर्थाला नाही म्हणते. सतरा वर्षे ते नाव मी मिरवले. त्या एका क्षणी मला ते नको झाले. मी तिच्या ओंजळीत पळीभर तीर्थ घातले. ती प्याली, उरलेला ओला हात रुमालावरून फिरवला आणि माझ्याकडे बघून हसली.

गुरुवारी ताप चढला. जीपने सोलापूरला नेले. रविवारी ती गेली. डॉक्टर म्हणाले, पोटातून जंतू रक्तात गेले. बाहेरचे काही पाणी पोटात गेले होते का? मी नाही म्हणाले. इथे येऊन कागद काढला आणि सतराव्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिले. खाली कस्तुराबाईचा अंगठा घेतला. तेव्हा तिला वाचता येत नव्हते.

त्या पळीभर पाण्यानेच झाले, की तिच्या पोटातल्याच जंतूंनी दगा दिला, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण ते विचारायची सोय मीच बंद केली. ही गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली आहे. सहा वर्षांनी, यजमान गेले तेव्हा, अय्यांना. ते म्हातारे झाले होते. त्यांनी गळ्यातले लिंग हातात घेतले. मग म्हणाले, "उमाक्का, तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी तिच्या डोळ्याला लावलं असतं. तीर्थ डोळ्यालाही चालतंय. मला इचारायचं होतं की." म्हणजे तेही मी विचारले नव्हते. अय्या पुढच्याच वर्षी लिंगैक्य झाले.

रायसाबाईंनी, परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून, आपल्या घरातली पत्रे जाळली असे मी वाचले आहे. त्यांना तो अधिकार होता, पत्रे त्यांची होती. तो एक कागद जाळावा असे मलाही कितीदा वाटले. काडीपेटी हातात घेऊन पेटीशी बसले आहे. पण तो कागद माझा नाही.

आणि मी मेल्यावर हे वकिलाच्या तोंडून कस्तुराबाईला कळावे, खोल्यांची किल्ली हातात ठेवता ठेवता कळावे, हे मला चालणार नाही. तसे केले तर खोल्या म्हणजे तिचे तोंड बंद करायची किंमत होईल. म्हणून सही करण्याआधी हे सगळे तिला वाचायला देते. ती खोल्या नाकारेल. गावी जाईल. खोल्या बंद पडतील आणि त्याला कारण मी असेन. तरी देते. ती आता अंगणात चादरी वाळत घालते आहे.

कलम १०. (शनिवार दि. १८ जानेवारी, दुपारी.)

काल कागद कस्तुराबाईच्या हातात दिले. तिने हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. तिला मीच वाचायला शिकवले आहे, ओळीखाली बोट धरून. अजूनही ती तशीच वाचते. मी अंगणात फेऱ्या मारल्या. डॉक्टरांनी चालू नका म्हटले आहे. शेगडीवरचे पाणी वीस मिनिटांच्या पुढे उकळून निम्मे झाले तरी ती उठली नाही, मग मीच गॅस बंद केला. बोरमाळेपाशी ती थोडी हसली असावी. सहाव्या कलमाशी बोट थांबले. मागे गेले. परत त्याच ओळीवरून आले. हे तीनदा झाले.

मग ती म्हणाली, "त्यो कागूद दावा."

पेटीतून काढून दिला. ती कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

"हा अंगठा माजा हाय न्हवं?"

"होय."

"मंजी खोट्याखाली माजा अंगठा."

मी होय म्हणाले. मी तिची माफी मागायला लागले तर तिने हात वर करून थांबवले. "माफी मागू नका बाई. ती माज्यापाशी न्हाय. जिच्यापाशी हुती ती गेली." मग ती उठून मागच्या खोलीत गेली. जेवळीच्या मुलाची पाणी प्यायची वेळ झाली होती. उरलेले निम्मे पाणी तिने ओतून दिले आणि नवे ठेवले. रात्री मला जेवण वाढले, पण बाजूला बसली नाही. मी सोमवारची पिशवी भरायला काढली आणि तशीच ठेवली.

आज सकाळी फोटोला विभूती न लावताच ती आपणहून आली. उभ्यानेच बोलली.

"खोल्या घेती मी. त्या पोरास्नी कुठं घालवू? तुमी पाप केलं म्हून त्येंनी एसटी चुकवायची व्हय?" मग तिने कागद माझ्यापुढे ठेवले. "पर एक सांगती बाई. लई लिवलंत. त्या रशियाच्या बाईचं नाव जागोजाग हाय. तुमच्या भैनीचं हाय, अय्याचं बोलनं हाय, तुळशीवर ट्रक घातला त्यो बी हाय. माज्या लेकीचं नाव एका बी जागी न्हाय. ती मुलगी, ती मुलगी. तिला नाव हुतं की."

मी कागद हातात घेऊन शोधले. खरेच नव्हते. वीस वर्षांत मी ते नाव उच्चारलेले नाही हे मला तिने सांगेपर्यंत कळले नव्हते.

मी म्हटले, सगळे नव्याने लिहिते. ती म्हणाली, "नव्यानं नगं. खोडा आन लिवा. दिसू द्या खोडल्यालं." फोटोचे काय करू विचारले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तिचा काय गुना त्यात?"

सबब या कलमाने पुढील दुरुस्त्या करते.

चौथ्या कलमातील 'रायसा निवारा' हे शब्द रद्द. पाटीवर 'सोनाली धोंडीबा सुरवसे' एवढेच नाव लिहावे. रंग पिवळा.

सन २००५ च्या कागदावर सतराव्या प्रश्नापुढील 'नाही' खोडून 'होय. बोअरचे पाणी, उमाबाईने दिले' असे मी माझ्या हाताने लिहिले आहे. तो कागद कस्तुराबाईने पूर्ण वाचला आणि जुन्या अंगठ्याशेजारी सही केली आहे. कागदाची प्रत सोमवारी मी स्वतः सोलापूरच्या डॉक्टरांना देईन.

या मृत्युपत्रात जिथे जिथे 'ती मुलगी' असे आले आहे, तिथे तिथे सोनाली असे वाचावे.

सही: उमाबाई शांतलिंग हत्तरगे

उमाबाईंनी वरील सर्व मजकूर, खाडाखोडीसह, आपला म्हणून आम्हा दोघांसमोर मान्य केला आणि आमच्या समक्ष सही केली. आम्ही त्यांच्या समक्ष सह्या करीत आहोत. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. श्रीमती कस्तुराबाई सुरवसे यांना मिळकत मिळत असल्याने त्यांना साक्षीदार म्हणून घेतलेले नाही. सह्या होईपर्यंत त्या मागच्या खोलीत होत्या.

साक्षीदार १: धोंडप्पा वीरप्पा मुळजे, निवृत्त मुख्य लिपिक, उमरगा (सही)

साक्षीदार २: डॉ. इंद्रजित कृष्णराज गायकवाड, उमरगा (सही)

स्थळ: उमरगा, जि. धाराशिव
दिनांक: १८ जानेवारी २०२५